पाच प्रश्न आणि आपली माणसे

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे ज्येष्ठ नेते टोनी बेन यांच्या जन्माला ३ एप्रिल २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. १४ मार्च २०१४ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते समाजवादी राहिले. उतारवयात माणसे मवाळ होतात, सत्तेशी जुळवून घेतात, तारुण्यातील आग्रहांकडे हसून पाहतात. बेन यांचा प्रवास नेमका उलट झाला. वय वाढत गेले तसतसे ते अधिकाधिक डावीकडे सरकत गेले. आपल्या अनुभवांच्या रोजनिशा त्यांनी कित्येक दशके नेमाने लिहिल्या, ध्वनिमुद्रित केल्या आणि खंडाखंडांनी प्रसिद्ध केल्या. ब्रिटनच्या राजकारणाचे आणि कामगार चळवळीचे अर्धशतकाहून अधिक काळाचे आतून घडलेले दर्शन त्यांत आहे.

ज्यांना वर्गसंघर्षाचा सिद्धान्त मुळातच अमान्य आहे, त्यांनी एका आजन्म समाजवाद्याची आठवण कशासाठी काढावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो स्वाभाविक आहे. परंतु विरोधी विचारांच्या प्रामाणिक माणसाचे आयुष्य हा अभ्यासकाला मिळालेला आरसा असतो. त्यात त्याच्या विचारसरणीचे दोष दिसतात. आणि नीट पाहिले तर आपला चेहराही दिसतो.

बेन यांचा जन्म राजकारणात मुरलेल्या घराण्यातला. वडील विल्यम वेजवूड बेन खासदार, मंत्री आणि पुढे उमराव. थोरला भाऊ मायकल दुसऱ्या महायुद्धात वैमानिक म्हणून कामी आला. टोनी बेन १९५० मध्ये ब्रिस्टलमधून हाऊस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. १९६० मध्ये वडिलांचे निधन झाले आणि उमरावपद वारशाने त्यांच्याकडे आले. उमरावाला कॉमन्समध्ये बसता येत नसे. त्यांनी उमरावपद नाकारले. कायद्यात तशी सोय नव्हती. पोटनिवडणूक लढवून ते पुन्हा निवडून आले, तरीही जागा पराभूत प्रतिस्पर्ध्याला देण्यात आली. शेवटी त्यांच्या लढ्यामुळे ३१ जुलै १९६३ रोजी कायदा बदलला आणि त्याच दिवशी त्यांनी उमरावपदाचा त्याग केला. लोक मोठेपणा मिळावा म्हणून झगडतात; हा माणूस तो टाकून देता यावा म्हणून झगडला. मद्याला ते शिवत नसत, पुढे शाकाहारीही झाले. चहाचा मोठा पेला आणि पाइप एवढीच त्यांची चैन.

या साधेपणाचे मूळ कोठे होते? आपल्याकडील डाव्यांनी समाजवाद मॉस्कोहून आणला आणि धर्माला अफूची गोळी ठरवून आपल्याच समाजाच्या मुळाशी वैर मांडले. ब्रिटनमधील श्रमिक चळवळीचा उगम तसा नाही. १८३३ मध्ये डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यात सहा शेतमजुरांनी मजुरीत होणाऱ्या कपातीविरुद्ध संघटना बांधली. गुप्त शपथ घेतल्याचा आरोप ठेवून त्यांना सात वर्षांच्या शिक्षेवर सातासमुद्रापार ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. लोकक्षोभामुळे १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार होता. बेन यांची आई धर्मशास्त्राची अभ्यासक होती. बायबल म्हणजे सत्ता गाजवणारे राजे आणि त्यांना धर्म सुनावणारे प्रेषित यांच्यातील संघर्षाची कथा आहे. तू प्रेषितांच्या बाजूने उभा राहा, असा संस्कार तिने मुलावर केला. राजसत्तेवर धर्माचा अंकुश असावा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. श्रमिकाचा कैवार घेण्यासाठी श्रद्धेशी वैर पत्करावे लागत नाही, हे बेन यांच्या उदाहरणाने सिद्ध होते. आपल्याकडील डाव्यांनी त्यांच्याकडून एवढे जरी घेतले असते, तरी त्यांची आजची अवस्था वेगळी दिसली असती.

बेन यांच्या साऱ्या चिंतनाचे सार त्यांच्या पाच प्रश्नांत आहे. २००१ मध्ये कॉमन्समधून निवृत्त होताना त्यांनी ते सभागृहासमोर पुन्हा मांडले. कोणीही सत्ताधारी समोर आला, तर त्याला विचारावे: तुझ्याकडे कोणती सत्ता आहे? ती तुला कोठून मिळाली? ती तू कोणाच्या हितासाठी वापरतोस? तू कोणाला उत्तरदायी आहेस? आणि तुला पदावरून दूर कसे करता येईल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जेथे नाही तेथे लोकशाही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे प्रश्न कोणत्याही एका विचारसरणीच्या मालकीचे नाहीत, इतके ते मूलभूत आहेत.

मात्र अशा प्रश्नांची खरी कसोटी विरोधकांवर लागत नाही. विरोधकाला प्रश्न विचारायला धैर्य लागत नाही, घसा पुरतो. कसोटी लागते ती आपली माणसे सत्तेवर असतात तेव्हा. ब्रिटिश समाजवादाचा आणि तेथील कामगार चळवळीचा इतिहास या कसोटीवर तपासला, तर जे चित्र दिसते ते प्रत्येक संघटनेच्या कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आरंभ बेन यांच्या घरापासूनच करू. त्यांचे वडील जून १९२९ ते ऑगस्ट १९३१ या काळात मजूर पक्षाच्या सरकारात भारतमंत्री होते. जगातील दलित-पीडितांचा कैवार घेणारा पक्ष लंडनमध्ये सत्तेवर होता. त्याच काळात मिठाच्या सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या, सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू लाहोरला हसत हसत फासावर गेले, तेव्हाही भारतमंत्री वेजवूड बेन हेच होते. त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले असता सहा वर्षांच्या टोनीने त्यांना पाहिले, आणि ती भेट त्यांनी आयुष्यभर अभिमानाने सांगितली. पक्षाच्या जाहीरनाम्यातील बंधुत्व साम्राज्याच्या वेशीपाशी येऊन थांबले होते. सत्ता कोणाच्या हितासाठी, हा प्रश्न त्या सरकारला त्याच्याच पक्षातील किती जणांनी विचारला?

चळवळीची उजळ बाजूही सांगितली पाहिजे. १९७१ मध्ये ग्लासगोच्या क्लाइड नदीकाठचा जहाजबांधणीचा उद्योग बंद पडण्याच्या मार्गावर होता. कामगारांनी संप केला नाही. त्यांनी गोद्या ताब्यात घेतल्या आणि काम चालू ठेवले. दारू नाही, नासधूस नाही, गुंडगिरी नाही, अशी शिस्त जिमी रीड यांनी घालून दिली. रीड तेव्हा कम्युनिस्ट होते, हे मान्य करूनही या आंदोलनाला दाद द्यावी लागेल. कारण उद्योग माझा आहे, तो वाचवणे हे माझे कर्तव्य आहे, हा भाव त्यात होता. पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारला माघार घ्यावी लागली. बेन या कामगारांसोबत रस्त्यावर उतरले होते. १९७४ मध्ये उद्योगमंत्री झाल्यावर त्यांनी कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन येथील मोटारसायकलींचा बंद पडू घातलेला कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवावा म्हणून सरकारी साहाय्य दिले. १९७५ च्या जूनमध्ये पंतप्रधान विल्सन यांनी बेन यांना उद्योग खात्यातून हलवून ऊर्जा खात्यात धाडले. अपुरे भांडवल आणि जागतिक स्पर्धा यांना तोंड देत मेरिडनची संस्था १९८३ पर्यंत तग धरून होती. प्रयोग फसला, परंतु त्यामागील विचार फसवा नव्हता. उद्योगाचे श्रमिकीकरण हा शब्द भारतीय मजदूर संघाच्या कार्यकर्त्यांना नवा नाही.

आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. ते आपल्या रक्तामांसाच्या माणसांचे आहे. लंडनच्या वायव्येला विल्सडन भागात ग्रनविक नावाचा छायाचित्रे धुण्याचा कारखाना होता. तेथे काम करणाऱ्यांत पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय, विशेषतः गुजराती स्त्रियांची संख्या मोठी होती. कमी वेतन, सक्तीचा जादा वेळ आणि वरिष्ठांची अपमानास्पद वागणूक यांना कंटाळून २० ऑगस्ट १९७६ रोजी जयाबेन देसाई काम सोडून बाहेर पडल्या. शंभराहून अधिक कामगार त्यांच्या मागोमाग आले. संघटनेला मान्यता एवढीच त्यांची मुख्य मागणी होती. साडी नेसलेल्या, बुटक्या बांध्याच्या या बाईंच्या पाठीशी सारी ब्रिटिश कामगार चळवळ उभी राहिल्याचे दृश्य १९७७ च्या उन्हाळ्यात जगाने पाहिले. टपाल कामगारांनी कारखान्याची टपाले हाताळण्यास नकार दिला, यॉर्कशायरचे खाणकामगार निदर्शनांसाठी लंडनला आले, मजूर पक्षाच्या मंत्र्यांनीही फाटकापाशी हजेरी लावली.

पुढे काय झाले? न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशीने कामगारांना परत घ्यावे आणि संघटनेला मान्यता द्यावी अशी शिफारस केली. मालकाने ती धुडकावली. न्यायालयाचा निकाल मालकाच्या बाजूने लागला. टपाल कामगारांना त्यांच्याच संघटनेने मागे खेचले. ट्रेड्स युनियन काँग्रेसचा पाठिंबा ओसरत गेला. नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन आणि त्यांचे सहकारी उपोषणाला बसले, ते मालकाच्या दारात नव्हे, तर ट्रेड्स युनियन काँग्रेसच्या मुख्यालयाच्या दारात! त्याबद्दल त्यांच्या संघटनेने त्यांनाच निलंबित केले. आपल्या भाषेत ज्याला कोपराला गूळ लावणे म्हणतात, नेमक्या त्याच अर्थाचे उद्गार जयाबेन यांनी या पाठिंब्याबद्दल काढले होते. जुलै १९७८ मध्ये संप संपला. एकालाही काम परत मिळाले नाही. सरकार मजूर पक्षाचे होते. बेन त्याच मंत्रिमंडळात होते. या संपाला २०२६ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होतात. ब्रिटनमधील संग्रहालयांतून आणि भित्तिचित्रांतून जयाबेन आज सन्मानाने विराजमान आहेत. पुतळे आणि चित्रे उभारणे सोपे असते. माणूस उपोषणाला बसलेला असताना दार उघडणे अवघड असते.

दुसरे उदाहरण आपल्या पिढीने भोगलेले. आणीबाणीत आपल्याकडील समाजवादी आणि संघाचे स्वयंसेवक एकाच बराकीत होते. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती, नागरिकांचे मूलभूत हक्क गोठवलेले होते. अशा वेळी मजूर पक्षातील डाव्या गटाचे अग्रणी, पुढे त्या पक्षाचे नेते झालेले मायकल फूट यांनी इंदिरा गांधींची पाठराखण केली. का? तर नेहरू घराण्याशी जुना स्नेह आणि इंदिराजींच्या तोंडी असलेली समाजवादाची भाषा. तुला पदावरून दूर कसे करता येईल, हा प्रश्न हिटलरला विचारायचा, दिल्लीतील मैत्रिणीला नाही! याच काळात जॉर्ज फर्नांडिस यांच्या सुटकेसाठी युरोपातील अन्य समाजवादी नेत्यांनी शब्द टाकला होता, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. म्हणजे दोष केवळ विचारसरणीचा नव्हता. मैत्री आणि तत्त्व यांत निवड करताना पाय कोठे घसरतो, याचा होता.

तिसरे उदाहरण सर्वांत दुःखद आहे, आणि त्यात स्वतः बेन गुंतलेले आहेत. १९७८-७९ च्या हिवाळ्यातील संपसत्राने ब्रिटिश जनता विटली आणि मे १९७९ मध्ये श्रीमती थॅचर सत्तेवर आल्या. मार्च १९८४ मध्ये कोळसा मंडळाने सुमारे वीस खाणी बंद करण्याचा मनोदय जाहीर केला आणि आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगारांचा संप सुरू झाला. त्याच महिन्याच्या आरंभी बेन चेस्टरफील्ड या खाणपट्ट्यातील मतदारसंघातून पोटनिवडणूक जिंकून आले होते. संपाच्या बाजूने ते सर्व शक्तीनिशी उभे राहिले. खाणकामगारांच्या बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, देशभरातून शिधा गोळा झाला. वर्षभर उपासमार सोसून ही माणसे लढली. त्यांच्या त्यागाबद्दल शंका घेणे पाप ठरेल.

परंतु ज्या संपात लाखो घरांच्या चुली पणाला लागल्या, त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर गुप्त मतदान घेतले गेले नाही. १९८२ आणि १९८३ मध्ये झालेल्या मतदानांत कामगारांनी संपाच्या विरोधात कौल दिला होता. म्हणून या वेळी त्यांना विचारलेच नाही. नॉटिंगहॅमशायरचे बहुसंख्य खाणकामगार कामावर जात राहिले. भावाने भावाला फितूर म्हटले. त्या गावांतील काही घरे पुढे कित्येक वर्षे एकमेकांशी बोलली नाहीत. पाच प्रश्न शोधून काढणाऱ्या बेन यांनी स्कारगिल यांना चौथा प्रश्न, ‘तुम्ही कोणाला उत्तरदायी आहात?’, जाहीरपणे विचारायला हवा होता. तो त्यांनी विचारला नाही. कारण स्कारगिल आपले होते. ३ मार्च १९८५ रोजी संप हात हलवत मागे घेतला गेला. नॉटिंगहॅमशायरचेही भले झाले नाही. १९९२ मध्ये सरकारने एकतीस खाणी बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा संपकाळात निष्ठेने कोळसा काढणाऱ्यांच्या खाणीही त्या यादीत होत्या. डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशायरमधील केलिंगली ही ब्रिटनमधील शेवटची खोल कोळसाखाण बंद झाली. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये कामगार संघटनांची सदस्यसंख्या एक कोटी तीस लाखांच्या वर होती. आज ती निम्म्याच्या आसपास आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला आणि कधीच रीतसर मागे न घेतला गेलेला गिरणी संप ज्यांच्या घरातून गेला, त्या मराठी वाचकांना या कथेचा शेवट वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

बेन यांच्या दृष्टीला आणखीही एक डाग होता. माओचे आपण चाहते आहोत, चुका सर्वांकडूनच होतात, असे ते म्हणत. कोट्यवधी माणसांच्या भूकबळींना चूक म्हणायचे, हे डाव्या विचारांच्या सज्जनांनाच जमते. आपल्या बाजूच्या अपराधाला चूक आणि समोरच्याच्या चुकीला अपराध म्हणण्याची ही सवय त्यांच्या शिष्यांतही उतरली. बेन यांचे निकटचे सहकारी जेरेमी कॉर्बिन पक्षनेते असताना, सप्टेंबर २०१९ च्या अधिवेशनात मजूर पक्षाने काश्मीरविषयी भारतविरोधी ठराव केला. भारतीय वंशाच्या मतदारांत त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. डिसेंबर २०१९ मध्ये मजूर पक्षाला १९३५ नंतरच्या सर्वांत कमी, २०२ जागा मिळाल्या. या पराभवाला अनेक कारणे होती. जुन्या खाणपट्ट्यांतील परंपरागत मतदारही पक्ष सोडून गेले. ज्यांच्या नावाने चळवळ चालवायची त्यांचेच ऐकायचे नाही, हा दोष मात्र सर्वत्र समान होता.

येथे आम्हाला दत्तोपंत ठेंगडी यांचे स्मरण होते. भारतीय मजदूर संघाची स्थापना त्यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे केली, तेव्हाच ही संघटना कोणत्याही पक्षाची शेपूट होणार नाही, हे ठरवून टाकले, जनसंघाचीसुद्धा नाही. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण हे सूत्र दिले. कामगार हा वर्गयुद्धातील सैनिक नसून राष्ट्राचा घटक आहे, ही त्यामागील दृष्टी. टॉलपडलच्या प्रवचनकाराला ती समजली असती. स्कारगिल यांना समजली नाही. दत्तोपंतांचे खरे मोठेपण मात्र पुढे दिसले. २००१ मध्ये केंद्रात अटलजींचे सरकार असताना भारतीय मजदूर संघाने दिल्लीत प्रचंड मेळावा भरवून त्या सरकारच्या आर्थिक धोरणांवर टीकेचे आसूड ओढले, आणि त्यात दत्तोपंत आघाडीवर होते. २००३ मध्ये देऊ केलेला पद्मभूषण त्यांनी विनम्रपणे नाकारला. विचारांनी दोन ध्रुवांवर असलेली ही दोन माणसे मोठेपणा नाकारण्याच्या बाबतीत एकमेकांची सोयरी शोभतात. फरक एवढाच, की दत्तोपंतांनी आपल्यांना प्रश्न विचारला आणि तरीही घर मोडले नाही.

आपल्या वाचकांपुढे हे सारे मांडण्याचे कारण आता स्पष्ट व्हावे. एके काळी आपण मूठभर होतो, उपेक्षित होतो. तेव्हा प्रश्न विचारणे हा आपला स्वभाव होता. आज आपल्या विचारांचे लोक देशाच्या सत्तास्थानी आहेत. गावच्या पतसंस्थेपासून शिक्षणसंस्थेपर्यंत, कामगार संघटनेपासून नगरपालिकेपर्यंत अनेक ठिकाणी आपली माणसे अधिकारपदावर आहेत. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. भारतीय मजदूर संघाने त्यांतील वेतन आणि सामाजिक सुरक्षा या संहितांचे स्वागत केले, तर अन्य दोन संहितांतील काही तरतुदींवर आक्षेप घेतले. चांगले ते चांगले आणि खटकते ते खटकते, असे सांगण्याची ही रीत आहे. हिला कोणी फितुरी म्हणू लागले, तर समजावे की ब्रिटिश मजूर चळवळीचा रोग आपल्या दारात येऊन उभा आहे.

हा रोग मोठ्या सभांतून येत नाही. तो आपल्या छोट्या बैठकांतून येतो. कोणीतरी काही विचारतो, अध्यक्ष कपाळाला आठी घालतात, शेजारचा कार्यकर्ता त्याचा सदरा हळूच खाली ओढतो, आणि तो माणूस गप्प बसतो. पुढच्या बैठकीला तो येत नाही. त्याच्या जागी कोणीतरी दुसरा येतो, ज्याला काहीच विचारायचे नसते. संघटना वाढलेली दिसते. आतून ती कोरडी पडू लागलेली असते.

टोनी बेन यांचा समाजवाद ज्याचा त्याला लखलाभ असो. त्यांचे पाच प्रश्न मात्र आपण घ्यावेत, आणि ते विचारण्याचा आरंभ आपल्याच पहिल्या रांगेपासून करावा. जयाबेन ज्या दारात उपोषणाला बसल्या, ते दार शत्रूचे नव्हते. आपल्या दारात आपले माणूस असे बसण्याची वेळ येऊ नये, याची काळजी दार बंद करण्याआधी घ्यावयाची असते.